अव्हंक्युलर : काकासारखा की मामासारखा?

वहीतलं_पान
नमस्कार मंडळी. एका इंग्रजी कथेचं भाषांतर करतेय, किशोरवयीन मुलांच्या अंकासाठी. इंग्लंडमधल्या खेड्यातलं स्टेशन, रात्रीची वेळ. शेवटची गाडी चुकलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला म्हातारा स्टेशनमास्तर शेगडीजवळ बसवतो, चहा देतो आणि 'अव्हंक्युलर' आवाजात म्हणतो, की आधी घरी तार कर.

या एका शब्दावर तीन दिवस अडले आहे. कोशात अर्थ आहे : काका किंवा मामासंबंधी, काका-मामासारखा प्रेमळ. पण 'मास्तर काकासारख्या आवाजात म्हणाले' असं लिहिलं की वाचणारं पोर विचारणार, कुणाच्या काकाच्या? माझे दोन्ही काका तर बोलले की शेजारच्या वाड्यात ऐकू जायचं!

तर प्रश्न असे, की मुळात हा शब्द काकाचा की मामाचा? याला मराठीत एकच चपखल शब्द आहे का? आणि हे कौतुक समजायचं की आणखी काही?

गवतफुला
शब्द ऐकून डोळ्यांच्या दवाखान्यातलं यंत्र डोळ्यांसमोर आलं. उच्चार कसा करायचा, ते आधी सांगा कुणीतरी.

शिलालेख
@गवतफुला, अ-व्हं-क्यु-लर. जोर 'व्हं'वर.

@वहीतलं_पान, मुळात मामाच. शंकाच नको. लॅटिनमध्ये 'अव्हुस' म्हणजे आजोबा. त्याचं लाडिक, छोटं रूप 'अव्हुंकुलुस', म्हणजे जवळपास 'छोटे आजोबा', आणि त्याचा अर्थ आईचा भाऊ. बापाच्या भावाला वेगळा शब्द होता, 'पात्रुउस'. आपल्या संस्कृतातल्या 'पितृव्य'चा तो सख्खा भाऊबंद. म्हणजे रोमन माणूस आपल्यासारखाच काका आणि मामा वेगळे ठेवायचा.

जुन्या इंग्रजीतही दोन शब्द होते. १०६६ नंतर नॉर्मन लोकांबरोबर फ्रेंच आली आणि 'अव्हुंकुलुस'चा घासून घासून झालेला 'ओंक्ल' इंग्रजीत 'अंकल' होऊन बसला. त्याने काका, मामा, मावशीचा नवरा, आत्याचा नवरा असे सगळे एकाच खुर्चीत बसवले. पुढे विशेषण हवं झालं तेव्हा विद्वानांनी ते थेट लॅटिनमधून उचललं. इंग्रजीची ही नेहमीची रीत आहे. चंद्र 'मून', पण चांद्र 'लुनर'. बाप 'फादर', पण पैतृक 'पॅटर्नल'. तसाच अंकलचा अव्हंक्युलर.

आता गंमत बघा. रोमन लोकांत चुलता कडकपणासाठी प्रसिद्ध होता. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला कवी होरेस एका कवितेत 'चुलत्याच्या जिभेच्या फटक्यां'ना घाबरणाऱ्या मुलींबद्दल लिहितो. धाक चुलत्याचा आणि माया मामाची, ही वाटणी दोन हजार वर्षं जुनी आहे. तुमच्या मोठ्या आवाजाच्या काकांना रोममध्ये लगेच ओळखलं असतं!

मुरंबा
मग मावशीसारखा प्रेमळ असेल तर? त्याला काही आहे का इंग्रजीत?

शिलालेख
@मुरंबा, आहे, पण वापरात जवळपास नाही. 'मटर्टरल'. लॅटिन 'मातेर्तेरा' म्हणजे आईची बहीण, त्यावरून. आणि 'आंट' कुठून आली? 'अमिता'पासून. अमिता म्हणजे बापाची बहीण, आत्या.

मुरंबा
म्हणजे मावशीला विशेषण मिळालं, पण ते कुणी वापरत नाही. माय मरो पण मावशी जगो म्हणणाऱ्या भाषेतून बघितलं तर फारच अन्याय!

कृष्णाकाठ
थांबा थांबा. शिलालेख, तुम्ही मोठी गोष्ट बोलून गेलाय आणि कुणाचं लक्ष नाही.

अंकल म्हणजे मुळात मामा. आंट म्हणजे मुळात आत्या. इंग्रज माणूस 'अंकल अँड आंट' असं जोडीनं म्हणतो, म्हणजे मुळाला धरून तो 'मामा आणि आत्या' म्हणतोय. पुण्या-मुंबईच्या लोकांना ही जोडी चुकीची वाटंल. मामाची मामी असते आणि आत्याचे ते आतोबा किंवा काका. पण आमच्याकडं कोल्हापूर-सांगलीला आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात! आणि लग्न झालेली पोरगी सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणते. का, तर मामाच्या पोरीशी लग्न करायची रीत. मामाची पोरगी ज्या घरात जाणार तिथली सासू तिची सख्खी आत्याच असायची. आता नात्यात लग्नं कमी झाली, पण हाक तीच राहिली. माझी बायको साताऱ्याची, आमचं आधीचं कसलंही नातं नाही, तरी पहिल्या दिवशी माझ्या वडलांना 'मामा, चहा ठेवू का?' असंच म्हणाली. आमचे वडील तसे कमी बोलणारे. त्या दिवशी दोन कप प्याले.

तेव्हा माझं मत स्वच्छ आहे. मामासारखा. काकाचा विषयच नाही.

वऱ्हाडी_ठेचा
मामाची एवढी तारीफ चालली हाय, पण कंस कोण होता जी? शकुनी कोण होता? शल्य तर नकुल-सहदेवाचा सख्खा मामा, दुर्योधनाच्या पाहुणचाराला भुलला अन् पलीकडून लढला. एखाद्याला फसवलं तर आपण म्हणतो 'मामा बनवला'. काका बनवला असं कोणी म्हणते का?

कृष्णाकाठ
@वऱ्हाडी_ठेचा, आणि ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव काय ओरडत पळत होते? 'मामा मला वाचवा' नव्हे!

आणि अभिमन्यूचा मामा कोण, तेवढं सांगा. श्रीकृष्ण.

वऱ्हाडी_ठेचा
बरं बरं. एक-एक झालं. पण वहीताई, हेच ध्यानात ठेवा. 'मामासारखा' लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोक्यात शकुनीचे फासे बी वाजू शकतात. उपमा सरळ राहत नाही.

धुकं_आणि_चहा
मी बावीस वर्षं इंग्लंडमध्ये लीड्सला आहे, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकतो. हा शब्द रोजच्या बोलण्यात येत नाही. वर्तमानपत्रात, माणसाचं वर्णन करताना, एखाद्या गेलेल्या माणसावरच्या लेखात येतो. आणि खऱ्या मामाला सहसा कुणी लावत नाही! तुमचा मामा हा तुमचा अंकलच असतो, त्याला अव्हंक्युलर कशाला म्हणायचं? जो नात्याने मामा नाही पण मामासारखा वागतो, त्याला लावतात. वयाने मोठा, बहुतेक वेळा पुरुष, आवाज शांत, घाई नाही, सल्ला देतो पण दटावत नाही. अमेरिकेत वॉल्टर क्रॉन्काइट हे १९६२ ते १९८१ दूरचित्रवाणीवर संध्याकाळच्या बातम्या द्यायचे. लोक त्यांना 'अंकल वॉल्टर' म्हणायचे. अव्हंक्युलर म्हटलं की इंग्रजी वाचणाऱ्या जुन्या पिढीसमोर तो चेहरा येतो.

पण एक बाजू अशीही आहे. माझ्या आधीच्या नोकरीत माझ्या हाताखाली चार तरुण अभियंते होते. वर्षअखेरच्या अहवालात वरिष्ठांनी लिहिलं, की माझी पद्धत 'काहीशी अव्हंक्युलर' आहे. मी खूश! बायकोला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "काहीशी का लिहिलंय?" दुसऱ्या दिवशी त्या चौघांतल्या एका मुलीने फार चांगल्या शब्दांत सांगितलं, की मी तिचं म्हणणं संपायच्या आत 'होतं असं, काळजी करू नकोस' म्हणतो. तिला काळजी नव्हती, तिला पुलाच्या एका जोडाबद्दल खरी शंका होती. शंका बरोबर निघाली. तेव्हापासून समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत मी हातातला चहाचा कप खाली ठेवत नाही.

म्हणजे शब्द प्रेमाचाच, पण समोरचा लहान आहे हे त्यात गृहीत असतं. समोरच्याला लहान व्हायचं नसेल तर तो टोचतो. तुमच्या कथेतला मुलगा सतरा वर्षांचा, थंडीत अडकलेला. तिथे नुसती माया आहे.

सागरगोटा
सगळ्यांचं वाचून राहवलं नाही. मानववंशशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त आहे. आमच्या विषयात मामाभाच्याच्या नात्याला 'अव्हंक्युलेट' म्हणतात आणि त्यावर एके काळी घनघोर वाद झाले.

रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी १९२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मामावर एक निबंध लिहिला. तिथल्या काही समाजांत भाचा मामाच्या घरी जाऊन वाटेल ते उचलतो, थट्टा करतो आणि मामा रागावत नाही. का? त्यांचं म्हणणं असं, की जिथे सत्ता, धाक आणि जमीन बापाकडे, तिथे आईची माया तिच्या भावाकडे वाहते. मामा म्हणजे जणू पुरुष रूपातली आई. आता उलट बाजू बघा. पापुआ न्यू गिनीतल्या ट्रोब्रियांड बेटांवर वंश आईकडून चालतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात आमच्याच विषयातले मालिनोव्स्की तिथे राहिले. तिथे मुलाला शिस्त लावणारा, वारसा देणारा मामा, आणि अंगाखांद्यावर खेळवणारा बाप!

म्हणजे माया मामाच्या रक्तात नाही. ज्याच्या हातात छडी नाही, त्याच्याकडे माया जाते. इंग्रजी विशेषणाचा गाभा मला हाच वाटतो : वडीलधारा आहे, पण तुमच्यावर त्याची सत्ता नाही. तुमचा स्टेशनमास्तर अगदी असा आहे. तो त्या मुलाला काहीही करायला भाग पाडू शकत नाही.

कृष्णाकाठ यांनी सांगितलेल्या 'आत्या-मामा'बद्दल : इरावती कर्वे यांनी १९५३ सालच्या भारतीय नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला पट्टा म्हणून दाखवला आहे. उत्तरेत मामाची मुलगी बहीण, दक्षिणेत ती हक्काची नवरी. आपण मधे, म्हणून आपल्याकडे दोन्ही हाका ऐकू येतात.

नारळाची_वाटी
सागरगोटा, अगदी! नवऱ्याच्या नोकरीमुळे अकरा वर्षं त्रिशूरला आहे. इथे मामाला अम्मावन म्हणतात. नायर घराण्यांत पूर्वी घराचा कर्ता म्हणजे कारणवर, बहुधा आईचा भाऊ किंवा आजीचा भाऊ. जमीन, भाचरांची शिक्षणं, लग्नं, सगळं त्याच्या शब्दावर. १९७५ च्या कायद्याने ती एकत्र कुटुंबपद्धत संपवली. पण शब्दात धाक शिल्लक आहे. आजची कॉलेजची मुलं सारखं उपदेश करणाऱ्या जुन्या वळणाच्या माणसाला 'अम्मावन' म्हणून चिडवतात. माझी मुलगी घरात मराठीत 'मामा' म्हणते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आइस्क्रीम असतं, आणि मैत्रिणींशी मल्याळममध्ये 'अम्मावन' म्हणते तेव्हा डोळे फिरवलेले असतात. नातं एकच, पण चेहरा वेगळा.

गवतफुला
पोलिसांना मामा, शाळेतल्या शिपायाला मामा, आणि वर आकाशात चांदोमामा. तिघांपैकी अव्हंक्युलर कोण?

पाटीपेन्सिल
@गवतफुला, शिपाईमामा. शंभर टक्के.

आमच्या शाळेत एक होते. सदतीस वर्षं घंटा दिली. परीक्षेच्या दिवशी फाटकाशी उभे राहायचे. रडवेलं पोर दिसलं की खिशातून खडूचा तुकडा काढून त्याच्या हातात द्यायचे : "हा मुठीत धर. पहिला प्रश्न सोडवून झाला की टाकून दे." पोर खडू धरून वर्गात जायचं. मुख्याध्यापकांकडे अधिकार होता, आमच्याकडे गुण होते. त्यांच्याकडे फक्त खडू. निरोप समारंभाला तिशी-पस्तिशीची माणसं रजा काढून आली होती.

आता भाषांतराबद्दल. इतका शोध कशाला? मराठीत तयार शब्द आहे : वडीलकी. 'वडीलकीच्या स्वरात', 'वडीलकीच्या नात्याने'. पत्रांत, भाषणांत शतकभर वापरलाय. मास्तर वडीलकीच्या स्वरात म्हणाले, संपलं.

शिलालेख
@पाटीपेन्सिल, खडूची गोष्ट फार आवडली. पण सर, 'वडीलकी'त वडील आहेत की! सागरगोटाताईंनी आत्ताच सांगितलं, की हा माणूस बाप नसतो हाच मुद्दा.

पाटीपेन्सिल
वडील म्हणजे बाप हा अर्थ पुढे घट्ट झाला. मूळ अर्थ वयाने मोठा. वडील भाऊ म्हणतो, वडील बहीण म्हणतो. 'वडीलधारी मंडळी' यात आज्याही येतात. तेव्हा शब्दार्थाने वडीलकी चालते. पण तुमची हरकत दुसऱ्या एका कारणासाठी मान्य करतो. वडीलकीच्या स्वरात थोडी चौकट आहे. लग्न मोडू नये म्हणून समजावायला जो जातो तो वडीलकीने बोलतो. शेगडीजवळ चहा देणारा तसा बोलत नाही. माझा शब्द मागे घेत नाही, पण या वाक्याला तो एक माप मोठा होतो.

वऱ्हाडी_ठेचा
'मायेनं' चालन का?

मुरंबा
माया जरा जास्तच ओली होते. पाच मिनिटांपूर्वी भेटलेला माणूस आहे. 'आपुलकीने'?

धुकं_आणि_चहा
आपुलकीत वय दिसत नाही. दहा वर्षांची मुलगीही आपुलकीने बोलू शकते. अव्हंक्युलरमध्ये पांढऱ्या मिशा पाहिजेत.

मुरंबा
आत्याबाईला मिशा असत्या तर, ही म्हण शेवटी कामाला आली म्हणायची!

शिलालेख
थोडं विषय सोडून, पण सांगतोच. इतिहासातला सगळ्यात प्रसिद्ध 'अव्हुंकुलुस' म्हणजे रोमन लेखक थोरला प्लिनी. इसवी सन ७९ मध्ये इटलीतला व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा तो मिसेनम इथे आरमाराचा प्रमुख होता आणि त्याची बहीण व सतरा वर्षांचा भाचा त्याच्याकडेच राहत होते. डोंगरावर विचित्र ढग दिसला. मामाने होडी काढायला सांगितली आणि भाच्याला विचारलं, येतोस का? भाचा म्हणाला, नको, अभ्यास करतो. अभ्यास मामानेच दिलेला होता! मामा निघाला, पुढे लोकांना वाचवायला मोठी जहाजं घेऊन गेला आणि परतला नाही. पुष्कळ वर्षांनी भाच्याने इतिहासकार टॅसिटसला पत्र लिहून ही हकिकत कळवली. पत्राच्या पहिल्याच वाक्यात तो शब्द आहे, 'माझ्या मामाचा मृत्यू'. मृत्युपत्रात मामाने त्याला दत्तक घेतलं होतं, म्हणजे कायद्याने तो आता बाप होता. तरी भाचा त्याला मामाच म्हणत राहिला.

लॅटिन शिकताना हे पत्र वाचलं आणि पुस्तक मिटून माझ्या मामाला फोन केला. तो बार्शीला असतो, ज्वारीचा व्यापार. "काय रे, एवढ्या रात्री?" म्हणाला. काय सांगणार होतो? "काही नाही, सहजच."

नारळाची_वाटी
हे वाचून मी माझ्या मामाला फोन लावला. तो झोपला होता. उठला आणि म्हणाला, "पैसे हवेत का?"

कृष्णाकाठ
ह्योच तो आवाज! वहीताई, हा लिहा.

वहीतलं_पान
तीन दिवसांचं कोडं तुम्ही सगळ्यांनी मिळून सोडवलंत. कसं, ते सांगते.

शिलालेखांचा मामा 'काय रे, एवढ्या रात्री' म्हणतो, वाटीताईंचा 'पैसे हवेत का' म्हणतो. या दोघांचा स्वर कसा होता, हे तुम्ही कुणीच सांगितलं नाहीत, तरी तो मला ऐकू आला. तेव्हा लक्षात आलं. इंग्रजीत स्टेशनमास्तरही 'यू' आणि मुलगाही 'यू'. तिथे आवाजाची जात विशेषणाने सांगावी लागते. आपल्याकडे ती हाकेत आणि क्रियापदात असते. अनोळखी, मिसरूड फुटलेल्या मुलाला आधी 'तुम्ही' म्हणणारा मास्तर नंतर 'तू'वर येतो, त्या एका पावलात सगळा अव्हंक्युलर आहे.

मूळ उताऱ्यात मास्तर दोनदा बोलतो. तिकीट बघताना एकदा आणि चहा दिल्यावर एकदा. तर आता असं केलंय :

"गाडी गेली तुमची," मास्तर तिकीट परत देत म्हणाले. "आता सकाळी सहाला."
मुलगा काहीच बोलला नाही. मास्तरांनी शेगडी पायाने त्याच्याकडे सरकवली आणि कपात आणखी एक चमचा साखर टाकली.
"हे पी आधी. आणि घरी तार कर बाळा, आई जागी असेल."

विशेषण गेलं. 'बाळा' मी घातलाय, तो मुळात नाही. संपादक विचारतील तर हाच धागा दाखवीन.

पाटीपेन्सिल
उत्तम. फक्त शेगडी पायाने सरकवू नका, जड असते आणि तापलेली. बाक सरकवा.

वहीतलं_पान
बाक सरकवला, सर.

गवतफुला
आणि तारेचे पैसे कुणी दिले?

कृष्णाकाठ
मास्तरांनी. विचारायचं काय त्यात!